निर्गुणी गायकाचं अर्कचित्र: शाई उघडण्याआधी

कबीर जयंती ज्येष्ठ पौर्णिमेला येते. इंदूर, देवास, उज्जैनकडची, कबीराची निर्गुणी (निराकार ईश्वराची) भजनं गाणारी मंडळी तंबुरा घेऊन बसतात, तेव्हा त्यातल्या गायकाचं अर्कचित्र, म्हणजे चेहऱ्याची खूण ताणून काढलेलं चित्र, काढायचं असेल तर आठवडाभर आधी तयारीला लागा. पहिलं काम कागदाचं नाहीच. तासभर समोर बसून ऐका. गप्प बसलेला गायक आणि लांब 'आ' लावणारा गायक ही दोन वेगळी माणसं दिसतात: जबडा खाली येतो, गालाखाली खळगा पडतो, मानेची शीर उभी राहते, डोळे मिटतात. चित्र या दुसऱ्या माणसाचं काढायचं आहे.

फोटो काढण्याआधी त्यांना विचारा, आणि चित्र कसलं आहे तेही सांगा. वीसेक फोटो हवेत, त्यातले निम्मे गातानाचे. मोबाइल तोंडाजवळ नेऊ नका. हातभर अंतरावरून नाक फुगतं, कान मागे पडतात, आणि भिंगाने केलेली ही अतिशयोक्ती आपण त्या माणसाचीच समजून बसतो. दोन मीटरवर थांबा, झूम दुप्पट करा. ते मांडी घालून बसलेले असतील तर तुम्हीही खाली बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत कपाळ मोठं आणि हनुवटी आखूड येते.

घरी आल्यावर फोटो न बघता आठवणीतून तीन शब्द लिहा. लांब जबडा, जाड भुवया, बारीक मान, असं काही. मग फोटोवर पट्टी ठेवून तपासा. साधारण चेहऱ्यात डोळे डोक्याच्या उभ्या मध्यावर असतात आणि दोन डोळ्यांमध्ये एक डोळा मावेल इतकी जागा असते. हा माणूस या मापापासून कुठे सुटतो, तिथेच त्याचा अर्क आहे. एकच गोष्ट ताणा, दीडपटीपर्यंत, आणि तिच्यासाठी दुसरी आवळा: जबडा लांबवला तर कपाळ कमी करा. सगळंच मोठं केलं की काहीच मोठं दिसत नाही. साफा असेल तर आधी कवटी हलक्या रेघेत काढा, मग तिच्यावर साफा बांधा. केसांची रेघ झाकली गेल्यामुळे डोळे हमखास वर चढतात आणि ओळख तिथेच हरवते.

वाद्याला मात्र अतिशयोक्ती लावू नये, असं आमचं ठाम मत आहे. माळव्यातल्या या तंबुऱ्याला पाच तारा असतात. चार काढल्या तर मंडळींतलं पोरही बोट ठेवेल. एका हाताने तंबुरा छेडला जातो, दुसऱ्या हातात करताल (चिपळ्यांसारखं वाद्य) वाजते. माळव्यातले कबीर-भजन गायक, २०११ साली पद्मश्री मिळालेले प्रह्लादसिंह टिपानिया गातात ते व्हिडिओवर आवाज बंद करून एकदा पाहा, फक्त हातांसाठी. तार छेडून सुटलेलं बोट आणि करताल मिटण्याआधीची फट, एवढं साधलं तर चित्राला लय येते. तुमचे गायक कोणत्या हाताने काय वाजवतात ते टिपून ठेवा; सेल्फी कॅमेऱ्याच्या फोटोत डावं-उजवं उलटं असू शकतं.

सामान थोडं लागतं. कच्च्या रेखाटनाला साधे कागद, एचबी आणि टूबी पेन्सिली, मऊ खोडरबर, कागदी चिकटपट्टी. हे इंदूरच्या खजुरी बाजारात मिळून जाईल. पक्क्या चित्रासाठी ए-थ्री मापाचा ३०० ग्रॅमचा (जीएसएम) जलरंगाचा कागद, चारही बाजूंनी फळीवर चिकटवलेला. काळी शाई पाण्याने न विरघळणारीच घ्या, आणि बाटलीवरच्या शब्दावर विसंबू नका: तुकड्यावर चार रेघा ओढा, अर्ध्या तासाने ओला कुंचला फिरवा. राखाडी ओघळ आला तर ती शाई रंगाखाली चालणार नाही, गालावरचा गेरू मळका होईल. जयंतीपाठोपाठ पाऊस लागतो. दमट कागदावर टाकाची रेघ फुटते, म्हणून कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा आणि बसायच्या वेळीच काढा.

तळहाताएवढे सहा-आठ कच्चे आराखडे करा. त्यातला एक निवडून मोठा करा, दोन दिवस नजरेआड ठेवा. मग तो त्यांच्याच ढोलकवाल्याला दाखवा, नाव न सांगता. त्याने लगेच ओळखलं तर शाई उघडा. विचारात पडला तर पट्टी घेऊन पुन्हा जबड्यापाशी या.