कॉलेजच्या पोरांशी फोनवर दारूबद्दल बोलताय? या चुका टाळा

फोनवर समुपदेशन करणाऱ्यांची सगळ्यात कॉमन चूक म्हणजे फोन उचलला म्हणजे पोरगा एकटाच आहे असं धरून चालणं. नाशकातल्या कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या पीजीत एका रूममध्ये तिघं असतात, एकजण बाजूला मॅगी करतोय आणि तुम्ही विचारताय आठवड्यात किती वेळा घेतोस, मग तो "हो", "बघू", "ठीके" एवढंच बोलणार आणि तुम्ही वहीत लिहिणार की पोरगा सहकार्य करत नाही. आधी विचारा, आत्ता मोकळं बोलता येईल का? नसेल येत तर हो-नाही मध्ये भागेल असं विचारा, नाहीतर दुसरी वेळ ठरवा. शनिवारी रात्री तर अजिबात नको. आणि आधी एक मेसेज टाका, अनोळखी नंबर आजकाल उचलतं कोण!

मोजण्यात पण घोळ होतो. "भाऊ, मी फक्त बिअर घेतो" ऐकून निवांत होऊ नका. 10 ग्रॅम अल्कोहोल म्हणजे एक ड्रिंक, म्हणजे साधारण 30 मिली रम-व्हिस्की. 8 टक्केवाली स्ट्राँगची 650 मिलीची बाटली झाली 4 ड्रिंक, रम-व्हिस्कीची क्वार्टर, म्हणजे 180 मिली, झाली 6. वाईनला तर आपल्या नाशकात कोणी दारू धरतच नाही, पण 750 मिलीची बाटली दोघांनी संपवली तर प्रत्येकी साडेतीन होतात. म्हणून "किती पेग" नका विचारू, कुठली बाटली, केवढी आणि कितीजणांत ते विचारा. डब्ल्यूएचओची ऑडिट नावाची 10 प्रश्नांची टेस्ट आहे, 40 पैकी 8 किंवा जास्त आले तर पिणं धोक्याकडे चाललंय समजतात, ती घेतानासुद्धा हाच हिशोब लागतो.

आता लेक्चर. लिव्हर, आईबापाचे पैसे, बिअरला 21 आणि हार्डला 25 वर्षांचा कायदा, हे सगळं त्याला पाठ आहे, ऐकवलंत की फोन कट. मिलर आणि रोलनिक या मानसशास्त्रज्ञांची एक पद्धत आहे, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे बदलायची कारणं समोरच्याच्याच तोंडून काढायची. त्यातला एक प्रश्न मला फार आवडतो, 0 ते 10 मध्ये कमी करायची इच्छा किती? तो म्हणतो 4. इथे बहुतेकजण विचारतात "चारच का रे?" आणि मग पोरगा स्वतःच न सोडण्याची कारणं सांगत बसतो, स्वतःच्या तोंडून ऐकून अजून पक्का होतो. उलटं विचारा, "4 का, 1 का नाही?" मग तो म्हणेल सकाळचं प्रॅक्टिकल बुडतं, गाडी कशी चालवली आठवत नाही. तेव्हा तो जरा थांबला की लगेच "हॅलो, आवाज येतोय का?" करू नका, तो विचार करतोय, करू द्या ना.

पहिल्याच कॉलला "उद्यापासून बंद" असं वचन घेणं पण फालतू. पुढच्या इगतपुरी ट्रिपला किती घेणार, आधी जेवणार का, गाडी कोण चालवणार, एवढं ठरलं तरी बास, आणि ट्रिपनंतर परत फोन करा.

पण रोज भरपूर पिणारा असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर त्याला एकदम सोड म्हणू नका. शेवटच्या ड्रिंकनंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. त्याला डॉक्टरकडेच पाठवा. 14416 टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) आणि 14446 व्यसनमुक्ती हे दोन्ही नंबर फुकट आहेत, ते मेसेज करून ठेवा, आणि फिट आलीच तर थेट 108.