भोक मोठं पडत होतं: पिलर ड्रिलच्या चकची दुरुस्ती

उद्यमनगरात बिडाच्या कास्टिंगवर काम करणाऱ्या पिलर ड्रिलची (भोकं पाडायच्या उभ्या यंत्राची) ही नेहमीची तक्रार. १२ मिमीचं ड्रिल लावलं तरी भोक १२.३ मिमी पडत होतं आणि अधूनमधून चक (ड्रिल धरणारा भाग) आर्बरसकट (चक ज्यावर बसतो त्या दांड्यासकट) सुटून खाली येत होता.

बेअरिंग गेलं असेल म्हणून लगेच स्पिंडल (यंत्राचा फिरणारा दांडा) खोलू नये. मॅग्नेटिक स्टँडवर डायल (फिरतानाची डगमग मोजणारं घड्याळ) लावून आधी स्पिंडलच्या आतला टेपर (आर्बर बसतो तो निमुळता भाग) तपासला: डगमग ०.०२ मिमी, म्हणजे ठीक. चकमध्ये सरळ ग्राइंड केलेली पिन धरली तर ०.२५! दोष मधल्या जोडात होता.

स्पिंडलच्या खाचेतून ड्रिफ्ट (चपटी पाचर) ठोकून आर्बर काढला. टेपरवर बिडाचा काळा भुगा चिकटलेला आणि एक ओरखडा उठलेला. बीड कोरडंच ड्रिल करतात, त्यामुळे बारीक भुगा उडतो. हवेचा पाइप मारला की तो नेमका टेपरमध्ये जातो. ब्रश वापरा.

उठलेली कड बारीक ऑइलस्टोनने फक्त तेवढ्यापुरती घासली. टेपरला एमरी पेपर गुंडाळू नका, आकार जातो. दोन्ही बाजू थिनरने पुसून कोरड्या केल्या. इथं तेल नको, पकड सुटते. जबडे पूर्ण आत घेऊन लाकडी हातोड्याचा एकच ठोका. डायल ०.०५ वर आला.

तरी भोक किंचित मोठंच होतं. ड्रिलची एक धार लांब होती. ११८ अंशांत दोन्ही सारख्या लावल्या. बेल्टही मिनिटाला ५८० फेऱ्यांच्या आसपासच्या पुलीवर घेतला.