आइस एज बघताना मुलांना खरे प्राणी कसे ओळखायला शिकवायचे

सुट्टीत भाचे आले की आमच्याकडे आइस एज लागतोच, आणि पिक्चर संपला की प्रश्न सुरू होतात, आत्या मॅनी खरा होता का, आत्या सिड म्हणजे नक्की कोण गं. दोन-तीन वर्षं उत्तरं देऊन देऊन माझी एक पद्धत बसलीये, ज्यांच्या घरी ५ ते १० वर्षांची मुलं आहेत त्यांना उपयोग होईल म्हणून सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे पिक्चर मध्येच थांबवून शिकवायचं नाही. रंग जातो आणि मुलं वैतागतात. एकदा मस्त हसत बघू द्या, प्रश्न नंतर. सुरुवातीला पहिला (२००२ चा) आणि तिसरा (२००९ चा, डायनासोरवाला) एवढे दोनच पुरे, बाकीचे मुलांनी मागितले तर.

मग प्रत्येक प्राण्याबद्दल तीनच प्रश्न: खरंच होता का, कुठे राहायचा, केवढा होता. केवढा हे नुसतं सांगून मुलांना कळत नाही, घरातल्या वस्तूंवर मोजून दाखवायचं. डिएगो म्हणजे स्मायलोडॉन, त्याच्या सगळ्यात मोठ्या जातीचा सुळा मुळासकट साधारण २८ सेंमी, म्हणजे दप्तरातली ३० सेंमीची पट्टी काढा आणि तोंडापाशी धरा, बास, मुलं गप्प होतात. आणि इथेच सांगून टाका की तो वाघ नाही. मांजरकुळातलाच पण वेगळ्या शाखेचा, ती शाखा पूर्ण नष्ट झाली, आजचा वाघ त्याचा वंशज नाही. शेपूटही आखूड होती. मॅनी हा वूली मॅमथ, म्हणजे अंगभर दाट केस असलेला हत्तीसारखा प्राणी, मोठा नर खांद्यापाशी साधारण ३ मीटर, म्हणजे आपल्या फ्लॅटच्या छताला लागेल एवढा. त्याचे कान बघायला सांगा, हत्तीपेक्षा बारके, कारण मोठ्या कानांतून अंगातली उष्णता बाहेर जाते आणि थंडीत ते परवडत नाही. त्याचं जवळचं नातं आफ्रिकन हत्तीशी नाही तर आपल्या आशियाई हत्तीशी आहे, हे ऐकून माझी भाची एवढी खूश झाली की विचारू नका. सिड जमिनीवर राहणारा स्लॉथ (केसाळ, लांब नख्यांचा सुस्त प्राणी), पण पिक्चरमध्ये तो फारच लहान केलाय, त्याच्या नात्यातला मेगाथेरियम ६ मीटर लांब होता, हॉलमध्ये टेप लावली तर आमचा हॉल कमी पडला! स्लॉथ आणि स्मायलोडॉन दोन्ही अमेरिका खंडांतले, म्हणून हे तिघं खरंच भेटले असते तर तिकडेच.

एली म्हणजे मॅनीची जोडीदारीण, तिचे ते दोन मानलेले भाऊ क्रॅश आणि एडी म्हणजे ओपॉसम (अमेरिकेतले पोटाला पिशवी असलेले छोटे प्राणी), ते आजही आहेत. घाबरले की मेल्यासारखे पडतात हे खरं, आणि ते मुद्दाम करत नाहीत, आपोआप होतं. शेपटीला उलटं लटकून झोपतात ते मात्र खोटं, मोठ्या ओपॉसमचं वजन शेपटीला पेलत नाही.

आता खरी गंमत, काळाची. मुलांना मॅमथ आणि डायनासोर एकाच वेळचे वाटतात आणि तिसऱ्या पिक्चरनंतर तर खात्रीच पटते, तिथे बर्फाखाली डायनासोर जिवंत दाखवलेत ना. तर खडू आणि टेप घेऊन खाली पार्किंगमध्ये किंवा शांत गल्लीत जा. १ सेंमी म्हणजे १० हजार वर्षं असं धरा. भिंतीपाशी एक रेघ मारा, ती म्हणजे आज. पहिल्या पिक्चरमध्ये ते डोडो पक्षी आहेत बघा, ते मॉरिशसचे, आणि डोडो दिसल्याची शेवटची भरवशाची नोंद १६६२ ची, म्हणजे महाराजांनी लाल महालावर छापा घातला त्याच्या आदल्या वर्षीची, ते सगळं त्या रेघेच्या जाडीतच मावतं. ४ मिलिमीटरवर सैबेरियाजवळच्या रँगेल बेटावरचे शेवटचे मॅमथ, तेव्हा इजिप्तचे पिरॅमिड बांधून झाले होते. १ सेंमीवर स्मायलोडॉन संपला. २ सेंमीवर कडाक्याची थंडी, म्हणजे मॅनी-सिड-डिएगोचं जग. इथपर्यंत मुलं गुडघ्यावर बसून बघत असतात.

मग उठून चालायला लागा. टी-रेक्स ६६ मीटरवर, मोठ्या माणसाची साधारण ९५ पावलं. मुलांना मोजू द्या, मध्ये बोलू नका, ती वळून त्या भिंतीकडे बघतात तेव्हा त्यांना आपोआप कळतं. आणि अजून पुढे चला, कारण तिसऱ्या पिक्चरमधला मुंगसासारखा बक ज्याच्या मागे लागलाय तो रूडी बॅरिऑनिक्स जातीचा डायनासोर आहे, तो साधारण १२५ मीटरवर. म्हणजे टी-रेक्स आणि रूडी यांच्यातलं अंतर जवळपास आपल्यात आणि टी-रेक्समध्ये आहे तेवढंच. मला स्वतःला हे पहिल्यांदा मोजताना खरं वाटेना, दोनदा आकडेमोड केली.

मॅनी, सिड, डिएगो यांच्यासारखे प्राणी का संपले हा प्रश्न येणारच, आणि लहान मुलं रडवेली होतात. खोटं सांगू नका. हवा गरम झाली, गवताळ रानं गेली आणि माणसांनी शिकारही केली, कशाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत एवढं सांगा. शक्य असेल तर ल्यूबाचे फोटो दाखवा, २००७ मध्ये सैबेरियात यामल भागात सापडलेलं जेमतेम महिनाभराचं मॅमथचं पिल्लू, ४० हजार वर्षं गोठलेल्या मातीत जपून राहिलेलं. आमच्याकडे भाचा बराच वेळ स्क्रीनवर हात ठेवून बसला होता.

राहिला स्क्रॅट, ओकच्या फळामागे धावणारा तो खारीसारखा प्राणी. तो खोटा, पिक्चरवाल्यांनी तयार केलेला, हे मुलांना आधी सांगून टाका. पण २००२ मध्ये पिक्चर आला आणि २०११ मध्ये अर्जेंटिनात सापडलेल्या एका चिमुकल्या सस्तन प्राण्याची माहिती जाहीर झाली, क्रोनोपिओ नाव त्याचं, लांब नाकाड, लांब सुळे, हुबेहूब स्क्रॅट! खारीशी नातं नाही, आणि काळ ९ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे परत येताना ९४ मीटरवर थांबा, तिथे मुलांना एक ओकचं फळ काढू द्या खडूने.