शोधनिबंधात संदर्भ कसे द्यावेत? सुरुवात वहीपासून करा

प्रकल्प तपासायला आले की मी आधी शेवटचं पान उघडतो. तिथे 'गुगल', 'विकिपीडिया', 'विविध वर्तमानपत्रे' एवढंच दिसलं, की समजतं: संदर्भसूची बाइंडिंगच्या आदल्या रात्री लिहिली आहे. त्या रात्री कितीही जागलं तरी ती नीट होत नाही, कारण तोवर पुस्तक ग्रंथालयात परत गेलेलं असतं.

म्हणून पहिलं काम टिपण घेतानाच करायचं. पुस्तक हातात आलं की नाव असलेलं पान आणि त्याच्या मागचं पान, म्हणजे प्रकाशक, आवृत्ती आणि साल छापलेलं, या दोन्हींचे मोबाइलवर फोटो काढा. वहीत प्रत्येक टिपणाशेजारी समासात पृष्ठांक लिहा. लेखकाचं वाक्य जसंच्या तसं उतरवत असाल तर तिथल्या तिथे अवतरणचिन्हं घाला. तीन महिन्यांनी वही उघडल्यावर कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं लेखकाचं, हे आपल्यालाच सांगता येत नाही. माझ्या पाहण्यातली निम्मी वाङ्मयचौर्यं अशा वहीतूनच निघालेली आहेत, चोरीच्या इराद्यातून नाही.

दुसरं, जे स्वतः पाहिलं त्याचाच संदर्भ द्या. आपल्याकडच्या प्रकल्पांत एक नोंद हमखास सापडते: 'जळगाव जिल्हा गॅझेटियर, १८८०'. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, पण असं पुस्तकच नाही. १८८० साली निघाला तो बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचा बारावा खंड, 'खानदेश'. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये पडले, आणि जळगाव जिल्हा हा त्यातला पूर्व भाग. विद्यार्थ्याने कुणाच्या तरी लेखातलं वाक्य उचललं आणि मूळ ग्रंथ पाहिल्याचा आव आणला, हे त्या एका नोंदीवरून उघडं पडतं. मूळ खंड मिळालाच नाही तर सरळ लिहा: 'खानदेश गॅझेटियर, १८८०, अमुक यांच्या लेखात उद्धृत', आणि सूचीत त्या अमुकांचा लेख घाला. यात कमीपणा काही नाही.

आकडेवारीलाही हेच लागू. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. १९९१ च्या जनगणनेत त्याचे तालुके धुळे जिल्ह्याच्या तक्त्यांत आहेत. तुम्ही ते तालुके वेगळे काढून बेरीज केली असेल तर तसं लिहा. बेरीज तुमची आहे, जनगणनेची नाही.

आता शैली. संदर्भ लिहिण्याच्या दोन पद्धती जास्त चालतात: समाजशास्त्रं, शिक्षणशास्त्र वगैरेंत बहुधा एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) मागतात, भाषा-साहित्यात एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची). फरक एका उदाहरणात दिसतो. एपीएच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे साल प्रकाशकाच्या आधी येतं: बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियर, खंड १२: खानदेश. (१८८०). गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेस. एमएलएत तेच साल शेवटी, प्रकाशकानंतर जातं. मजकुरात एपीएवाले कंसात आडनाव, साल आणि थेट अवतरण असेल तर पृष्ठांक देतात. एमएलएवाल्यांना आडनाव आणि पान पुरतं. मार्गदर्शकांना विचारा, एक शैली धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका. सूची अकारविल्हे लावा.

मराठी पुस्तकांत दोन अडचणी हटकून येतात. एक टोपणनावाची. धरणगावचे बालकवी 'ब'मध्ये घालायचे की त्र्यंबक बापूजी ठोंबरे म्हणून 'ठ'मध्ये? मी पुस्तकावर छापलेलं नाव घेतो आणि खरं नाव कंसात देतो. काहीही चालेल, फक्त एकच कवी सूचीत दोनदा नको. दुसरी अडचण शके सालाची. जुन्या पुस्तकावर 'शके १८२०' असेल तर ७८ मिळवा, १८९८ येतं. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तारखेला मात्र ७९ मिळवावे लागतात.

छापील पुस्तकाचं एवढं कळलं, पण आजीचं काय? गेल्या वर्षी एका मुलीने आपल्या आजीकडून कानबाई या खानदेशातल्या देवीची, तिथल्या अहिराणी बोलीतली गाणी उतरवून घेतली. काम झकास होतं आणि संदर्भ होता 'लोकपरंपरा'. मी तिला परत घरी पाठवलं. गाणारीचं नाव, वय, गाव-तालुका, ध्वनिमुद्रणाची तारीख, उतरवून कोणी घेतलं आणि नाव छापायला तिची हरकत नाही ना, एवढं विचारून ये म्हटलं. एपीएत अशा मुलाखतीची नोंद मजकुरातच करतात, सूचीत नाही. लोकसाहित्याच्या कामात मात्र मी शेवटी निवेदकांची, म्हणजे गाणी-माहिती सांगणाऱ्यांची, वेगळी यादी मागतोच. आजीने म्हणे दुसऱ्यांदा गाताना दोन कडवी जास्त म्हटली.

संकेतस्थळासाठी लेखक, लेखाचं नाव, प्रसिद्धीची तारीख आणि पूर्ण पत्ता द्या. मजकूर बदलत राहणारा असेल तर पाहिल्याची तारीखही. चॅटबॉटने सुचवलेलं पुस्तक ग्रंथालयाच्या यादीत सापडेपर्यंत लिहू नका. तो लेखकासकट पुस्तकं रचतो.

वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर इतर मजकुराशी साम्याची जी टक्केवारी दाखवतं, तिचा बाऊ करू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं व संदर्भसूची मोजणीतून वगळतात. उलट शब्द फिरवून टक्का खाली आणला आणि मुद्दा कुणाचा ते लिहिलं नाही, तर मशीनला कळणार नाही पण चोरी ती चोरीच.

शेवटी छापील प्रत आणि पेन्सिल घेऊन बसा. मजकुरातल्या प्रत्येक संदर्भावर खूण करत सूचीत त्याची जोडी शोधा, मग सूचीकडून उलटं मजकुरात या. सूचीत बिनखुणेची राहिलेली नोंद काढून टाका. मजकुरातला संदर्भ बिनजोडीचा राहिला तर फोटो शोधा, आणि फोटोही नसेल तर ग्रंथालय बंद व्हायच्या आत निघा.