घरातल्या घरात हरवलेले इयरबड, घड्याळ, कानाचं मशीन कसं शोधायचं

इयरबड, स्मार्टवॉच, कानाचं मशीन, रिमोट असलं काही बारकं घरात गायब झालं की आपण पहिलं काय करतो तर गाद्या उचलतो, कपाटं उपसतो, आणि त्या गडबडीत ती वस्तू अजून आत कुठंतरी जाऊन बसते. तसं करू नका. वस्तूत चार्जिंग आहे तोवरच ती तुम्हाला हाक देणार, म्हणून बॅटरीवर होणारं काम आधी उरकून घ्या, हातानं शोधायचं काय, ते उद्या पण होतंय.

इयरबडपासून सुरू करू, सगळ्यात जास्त तेच हरवतात. फोनचं ब्लूटूथ बंद करू नका आणि फोन रिस्टार्ट तर अजिबात मारू नका, कारण जोडलेला बड चालू राहतो पण कनेक्शन तुटलं की बरेच बड काही मिनिटांत आपोआप बंद होतात आणि मग सापडेपर्यंत मुके. एअरपॉड असतील तर ॲपलच्या फाइंड माय ॲपमधून आवाज देता येतो, अँड्रॉइडला काही इयरबड गूगलच्या फाइंड हबमध्ये दिसतात (आधी त्याला फाइंड माय डिव्हाइस म्हणायचे), नाहीतर ज्या कंपनीचे बड आहेत तिचं ॲप उघडून बघा. आवाज सोडायच्या आधी दुसरा बड कुणाच्या कानात नाही ना एवढं बघा, लई मोठा आवाज असतोय.

यातलं काहीच नसेल तर यूट्यूबवर ३००० हर्ट्झचा टोन शोधून लावा आणि आवाज फुल करा. गाणं लावू नका. माणसाच्या कानाला साधारण २००० ते ५००० हर्ट्झमधला आवाज सगळ्यात चांगला कळतो, बारीक किणकिण असली तरी पकडता येते, गाणं मात्र पंख्याच्या घरघरीत विरून जातं. पंखा, टीव्ही, मिक्सर सगळं बंद, पेठेत रस्त्याला लागून घर असेल तर खिडक्या लावून घ्या, पण रात्री सामसूम झाल्यावर बघू म्हणून थांबू नका, तोवर चार्जिंग संपलेलं असतं. आणि एक, बड बंद केसमध्ये असेल तर बहुतेक मॉडेल आवाजच करत नाहीत, केसला स्वतःचा स्पीकर असलेली मॉडेल थोडीच आहेत.

आवाज आला नाही तर सिग्नल धरून जायचं. प्ले स्टोअरवर एनआरएफ कनेक्ट नावाचं फुकट ॲप आहे, ते आजूबाजूची ब्लूटूथ उपकरणं दाखवतं आणि प्रत्येकापुढं उणे आकडा येतो, उणे ४५ म्हणजे अगदी जवळ, उणे ९० म्हणजे लांब किंवा मध्ये काहीतरी आडवं. आकडा सारखा उड्या मारतो, म्हणून चालत चालत बघू नका, दोन पावलं टाका, थांबा, चार-पाच सेकंद जाऊ द्या, मग आकडा वाचा. दिशा कळत नसेल तर फोन छातीला लावून जागेवरच हळूहळू गोल फिरा. माणसाच्या अंगातलं पाणी हा सिग्नल शोषून घेतं, त्यामुळं जिकडं पाठ केल्यावर आकडा एकदम पडतो, वस्तू त्या पाठीमागच्या बाजूला. काही इयरबड फोनला जोडलेले असताना या यादीत येत नाहीत, मग टोन चालू ठेवून घरभर फिरा आणि कुठं गेल्यावर कनेक्शन तुटतं ते बघा, ब्लूटूथ उघड्यावर साधारण १० मीटर पोहोचतं, भिंती आल्या की त्याहून कमी.

लोखंडी कपाट आणि स्टीलचे डबे इथं फसवतात. कपाटाचं दार बंद असलं की सिग्नल एवढा पडतो की वस्तू शेजारच्या घरात आहे असं वाटतं, म्हणून दारं सगळी उघडी टाकून मग आकडा बघा. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींचं पण तसंच, प्रत्येक खोलीत जाऊन वेगळं बघावं लागतं.

बॅटरी संपलीच असेल तरी इयरबडच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, तो लोखंडाला चिकटतो. लोखंडी कॉटच्या आतल्या पट्टीला, शिलाई मशीनच्या पायाला, कपाटाच्या मागच्या बाजूला चिकटून बसलेला बड वरून दिसत नाही, हात फिरवूनच कळतो. कपाटाखाली गेला असेल तर लोखंडी उलथनं सारून बघा, स्टीलचं नको, बऱ्याच स्टीलच्या भांड्यांना चुंबक धरत नाही. टॉर्च जमिनीला टेकवून आडवा उजेड मारा, बारक्या वस्तूची पण लांब सावली पडते. व्हॅक्युम क्लीनर असेल तर तोंडाला पातळ मोजा बांधून कोपरे ओढून काढा.

कानाचं मशीन हरवलं तर घरातल्या वडीलधाऱ्यांवर कुणी चिडू नका, त्यांना आधीच ऐकू येत नसतं आणि वस्तू महागाची. घर शांत करून कान द्या, बरीच मशीनं चालू असताना कशाखाली झाकली गेली की शिट्टी मारतात. आमच्या आत्याचं मशीन देव्हाऱ्यापुढच्या फुलांच्या परडीत सापडलं, आंघोळीला जाताना काढलेलं आणि पूजेच्या गडबडीत वर फुलं पडलेली, तेव्हापासून आमच्यात निर्माल्य हातानं चाळल्याशिवाय बाहेर जात नाही. केराचं पण तेच. काही हरवलंय हे कळलं की सकाळी टिपर यायच्या आधी कचरा पेपरवर पसरून बघा.

अँड्रॉइड फोन सायलेंटवर असला तरी फाइंड हबवरून ५ मिनिटं फुल आवाजात वाजतो, फक्त तो चालू आणि नेटवर पाहिजे. घड्याळ असेल तर त्यातनं फोन आणि फोनमधनं घड्याळ वाजवता येतं. रिमोट सोफ्याच्या फटीत नसला तर फ्रिजवर बघा.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटाला गेलं की इशारा आणि ४३ ला धोका पातळी, सुतारवाडा, दुधाळी या भागातली माणसं तेव्हा सामान माळ्यावर नाहीतर पाहुण्यांकडं हलवतात आणि बारक्या वस्तू नेमक्या तेव्हाच जातात. सगळे चार्जर, पेनड्राइव्ह, बड एकाच पारदर्शक डब्यात घालून तो डबा स्वतःच्या हातात ठेवा, कुठल्या पोत्यात टाकू नका.

सारखंच हरवत असेल तर एअरटॅग किंवा जिओटॅगसारखा, फोनवरून शोधता येणारा टॅग किल्लीला, पाकिटाला लावून टाका. पण घरात बारकं पोरगं असेल तर जपा, एअरटॅगमध्ये सीआर२०३२ नावाचा नाण्यासारखा चपटा सेल असतो. पोरानं तो गिळला तर अन्ननलिका २ तासांत भाजू शकते, म्हणून गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, आपोआप बाहेर पडेल म्हणून वाट बघू नका, तडक सीपीआरला (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना) नाहीतर जवळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जा आणि तसलाच दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट सोबत न्या, डॉक्टरांना नंबर बघायला लागतो.