एकगठ्ठा गावात वेगळे राजकीय मत उघड करण्यापूर्वी

ज्या गावात साखर कारखाना, दूध संस्था, पतसंस्था आणि ग्रामपंचायत एकाच गटाच्या हाती असतात, तेथे दारावर दुसऱ्या पक्षाचा झेंडा लावणे हा केवळ मत मांडण्याचा प्रश्न राहत नाही. ऊस शेतात उभा असताना तोडणीची टोळी लांबली, तर उसाला तुरे येतात, वजन घटते आणि पुढच्या पिकाची पेरणीही मागे पडते. तोड का आली नाही, हे मात्र कोणी लिहून देत नाही. अशा ठिकाणी संकोच वाटणे म्हणजे भित्रेपणा, असे मी मानत नाही. त्या संकोचाचा नीट हिशेब मांडणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

त्यासाठी आपले कोणाकोणावर अवलंबून आहे, ते आधी पाहावे : सामाईक विहिरीवरील पाण्याची पाळी, किराणा दुकानातील उधारी, पतसंस्थेचे थकलेले कर्ज, भाड्याचे घर. त्यानंतर घरातल्यांशी बोलावे. मत एकाचे असले तरी शिक्का सगळ्या घरावर बसतो, आणि टोमणे बहुतेक वेळा बचत गटाच्या बैठकीला जाणाऱ्या सुनेला किंवा शाळेतल्या मुलाला ऐकावे लागतात. त्यांची तयारी नसेल, तर झेंडा लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मत देणे, मत बोलून दाखवणे आणि मताची खूण मिरवणे या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पहिली पूर्णपणे आपली आहे. लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांत मतदानाची गुप्तता लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 ने राखलेली आहे. मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटमध्ये आपण कोणाला मत दिले ते दाखवणारी चिठ्ठी 7 सेकंद दिसून पेटीत पडते, ती बाहेर नेता येत नाही, त्यामुळे ‘पुरावा दाखव’ म्हणणाऱ्याला दाखवण्यासारखे काहीच हाती नसते. मते केंद्रनिहाय मोजली जात असल्यामुळे वस्तीचा कल गावाला कळतो हे खरे, परंतु एकेका माणसाचे मत त्यातून कळत नाही. काही ठिकाणी बेल-भंडारा उचलून शपथ घ्यायला लावतात. मतदाराला दैवी कोपाची भीती घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 171 नुसार गैरवाजवी प्रभाव ठरतो, हे अशा वेळी लक्षात ठेवावे.

बोलण्याची सुरुवात पक्षाच्या नावाने करू नये. ग्रामसभेत उभे राहून ‘वस्तीवरच्या नळाला पाणी का येत नाही, आणि मंजूर रकमेतून किती खर्च झाला?’ एवढेच विचारावे आणि प्रश्न इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रह धरावा. यावर कोण मान डोलावतो आणि कोण नंतर पारावर गाठून हळूच पाठिंबा देतो, यावरून आपण किती एकटे आहोत याचा अंदाज येतो. व्हॉट्सॲपवरील स्टेटसवर मात्र भरवसा ठेवू नये, कारण निवडक लोकांपुरते ठेवलेले स्टेटसही स्क्रीनशॉटमधून गावभर फिरते.

उघडपणे झेंडा लावायचा ठरल्यास समविचारी दोन-तीन घरांनी एकाच दिवशी लावावा. एकटे घर लगेच डोळ्यांत भरते. भाडेकरूने घरमालकाची परवानगी आधीच घ्यावी. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने हा विचारच सोडावा, कारण अंगावर, वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणे हे 1964 च्या वर्तणूक नियमांनुसार निवडणुकीत प्रभाव वापरणे समजले जाते. राज्य कर्मचाऱ्यांवरही 1979 च्या वर्तणूक नियमांची बंधने आहेत.

धमकी आल्यास तारीख, वेळ, नेमके शब्द आणि ऐकणाऱ्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. अंगावर येण्याचा प्रसंग असेल तर 112 वर फोन करावा. जातीच्या पंचांनी वाळीत टाकण्याची भाषा केली, तर महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियमाखाली पोलिसांत तक्रार करता येते; दोषी ठरणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत कारावास, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आचारसंहितेच्या काळात निवडणूक आयोगाचे तक्रारीसाठीचे सी-व्हिजिल ॲपही उपयोगी पडते, परंतु त्यात फोटो किंवा व्हिडिओ जागेवरच घ्यावा लागतो, गॅलरीतला जुना चालत नाही. त्यामुळे तोंडी धमकीची तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखीच द्यावी आणि पोच घ्यावी.