जुन्या ट्रॅक्टरचा पंखा आवाज करतो? या चुका टाळा

गहू-हरभऱ्याची मळणी आटोपली की विदर्भात उन्हाळी नांगरट सुरू होते, आणि जुन्या ट्रॅक्टरचा पंखा ओरडू लागल्याची तक्रार नेमकी याच दिवसांत वाढते. मॅसी १०३५ किंवा महिंद्रा बी-२७५ यांसारख्या ट्रॅक्टरांत पंखा वॉटर पंपाच्या शाफ्टवर बसवलेला असतो आणि एकच व्ही-बेल्ट इंजिनाच्या क्रँकच्या पुलीवरून पंप व बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो (किंवा मागाहून बसवलेला अल्टरनेटर) या दोघांना फिरवतो. त्यामुळे पंख्याच्या बाजूने येणारा आवाज पंख्याचाच असेल, हे गृहीत धरणे ही पहिली चूक होय. एअर-कूल्ड इंजिनाच्या जुन्या आयशरला रेडिएटर आणि वॉटर पंप नसतो, त्यामुळे पुढील बरेचसे विवेचन त्याला लागू पडत नाही.

आवाजाचे मूळ शोधण्याची खात्रीची रीत म्हणजे इंजिन थंड असताना बेल्ट उतरवून ते जेमतेम अर्धा मिनिट चालवून पाहणे. बेल्टविना पाणी फिरत नाही, म्हणून याहून जास्त वेळ चालवू नये. आवाज थांबला, तर दोष बेल्टवर चालणाऱ्या भागांत आहे. तसाच राहिला, तर पंख्याला हात लावण्याचे कारणच उरत नाही. इंजिन बंद केल्यावर पंखा आणि डायनॅमोची पुली एकेक करून हाताने फिरवावी. निरोगी बेअरिंग गुळगुळीत फिरते, खराब झालेले बोटांना खरखरीत लागते. त्यानंतर पंख्याची समोरासमोरची दोन पाती धरून ती मागे-पुढे हलवून पाहावीत. शाफ्टला जाणवण्याइतका प्ले (ढिलेपणा) असेल तर पंपाचे बेअरिंग गेले असे समजावे.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र निराळीच आहे: आवाज आला की बेल्ट ताणणे. रेस वाढवताच किंचाळणारा सैल बेल्ट ताणल्याने शांत होतो, हे खरे. पण घरघर बेअरिंगची असेल तर वाढलेल्या ताणाचा सगळा भार त्याच बेअरिंगवर पडतो आणि आणखी काही दिवस चालला असता तो पंप भर वावरात जाम होतो. दोन पुलींमधल्या सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण अर्धा इंच दबला पाहिजे. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. योग्य ताण देऊनही बेल्ट किंचाळत असेल, तर पुलीच्या खाचेचा तळ पाहावा. व्ही-बेल्ट पुलीला बाजूंनी पकडतो, तळाने नव्हे. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल, तर झिजलेला किंवा चुकीच्या मापाचा बेल्ट तळाला टेकून घसरतो आहे. अशा बेल्टला कितीही ताणले तरी उपयोग नाही. बेल्टला साबण, ग्रीस किंवा जळके तेल लावल्यास आवाज थोडा वेळ थांबतो, पण रबर फुगते आणि घसरण वाढते. घसरणारा बेल्ट पंपही पुरेसा फिरवत नाही, आणि मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर गेलेला असताना नांगराला जुंपलेले इंजिन तापायला फार वेळ लागत नाही.

पंपाच्या बुडाशी एक बारीक छिद्र असते. तेथून थेंब गळताना किंवा गंजाचा ओघळ दिसला की ते छिद्र एम-सीलने बुजवण्याचा मोह अनेकांना होतो. ते छिद्र पंपातले पाणी अडवणारे सील निकामी झाल्याची सूचना देण्यासाठीच ठेवलेले असते. ते बुजवले की पाणी बेअरिंगमध्ये शिरून ग्रीस धुऊन टाकते. काही जुन्या पंपांना ग्रीसची निप्पल असते, तेथेही गनने कोंबून ग्रीस भरू नये, कारण त्या दाबाने सील बाहेर ढकलले जाते.

ठरावीक लयीत खटखट ऐकू येत असेल, तर पाते कशाला तरी घासते आहे किंवा त्याचा रिव्हेट सैल झाला आहे. पाते हातोडीने ठोकून सरळ करण्यापूर्वी रेडिएटरखालचे रबर बसले आहे का, हे तपासावे. रेडिएटर खाली दबला की पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे पात्यांना लागते. हे कडे काढून टाकणे हा उपाय नव्हे, कारण मग पंखा रेडिएटरमधून ओढण्याऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. चीर गेलेल्या पात्याला वेल्डिंग करणे तर सरळ धोक्याचे आहे. वजनाचा तोल बिघडतो, बेअरिंग झिजते, आणि सांधा सुटलाच तर पाते रेडिएटरमध्ये घुसते. अशा वेळी पंखाच बदलावा आणि नवा बसवताना पात्यांची वक्र बाजू पूर्वीच्याच दिशेला ठेवावी. उलटा बसवलेला पंखा हवा त्याच दिशेने ढकलतो, पण फार कमी.

थ्रेशरवर काम झाल्यावर रेडिएटरच्या जाळीत कुटार (भुसा) अडकते आणि हवा न मिळालेल्या पंख्याची गुणगुण जड होते. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या दाबाच्या हवेने साफ करावी. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने तिच्या पातळ पट्ट्या वाकतात. बेल्ट उतरवून अर्धा मिनिट इंजिन चालवण्याची चाचणी सोडली तर ही सर्व कामे इंजिन बंद करून, गळ्यातला दुपट्टा काढून ठेवूनच करावीत. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत थोडा सैल पडतो, म्हणून पहिल्या दिवसाच्या कामानंतर त्याचा ताण पुन्हा एकदा पाहावा.